मदत हवी आहे : अट घालून मध्यक काढताना एक्सेल रिकामे सेल शून्य धरते का?

नमस्कार,

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राची नोंदवही मी गेल्या वर्षापासून एक्सेलमध्ये ठेवतो. संगणकावर २०१३ची आवृत्ती आहे. मध्यकाच्या (संख्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येच्या) एका सूत्रावर दोन दिवस अडलो आहे, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. सूत्रे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत देत आहे. शीटमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आहेत.

नोंदवहीची रचना साधी आहे. ए स्तंभात उत्पादकाचा कोड, बीमध्ये गाय किंवा म्हैस, सीमध्ये सकाळ किंवा संध्याकाळ ही पाळी आणि डीमध्ये लिटर. प्रत्येक पाळीसाठी सर्व कोड आधीच भरून ठेवलेले असतात आणि ज्याने त्या पाळीला दूध घातले नाही, त्याच्यापुढचा लिटरचा सेल रिकामा राहतो. कुणाची म्हैस भाकड असते, तर कुणी घरच्या कार्यासाठी दूध राखून ठेवतो.

पशुखाद्याची उचल ठरवण्यासाठी संचालकांना ‘आपला सर्वसाधारण उत्पादक एका पाळीला किती दूध घालतो’ हा आकडा हवा आहे. सरासरी दिली तर ती फसवी ठरते. उदाहरणासाठी म्हशीच्या दुधाच्या, सकाळच्या पाळीच्या दहा ओळी मी वेगळ्या शीटवर घेतल्या. त्यांत ४, ५, ६, ३.५, ४२, ५.५ आणि ४.५ लिटर अशा सात नोंदी असून तीन सेल रिकामे आहेत. बेचाळीस लिटर घालणारा मोठा गोठा एकच आहे, पण त्याच्यामुळे सातांची सरासरी दहा लिटरच्या थोडी वर जाते. बाकीच्या सहांपैकी एकही जण सहा लिटरच्या पुढे जात नसताना त्यांच्या नावावर दहा लिटर मांडणे मला पटत नाही. मध्यक मात्र ५ येतो आणि तो आमच्या गावाचे खरे चित्र दाखवतो.

अडचण अशी आहे. =मीडियन(डी२:डी११) असे सरळ लिहिले की उत्तर बरोबर ५ येते. संपूर्ण महिन्याच्या नोंदवहीतून मात्र जनावर आणि पाळी निवडून आकडा काढायचा असल्याने अट घालावी लागते. मीडियनइफ नावाचे फंक्शन एक्सेलमध्ये नाही, म्हणून मी पुढील सूत्र लिहिले आणि कंट्रोल, शिफ्ट व एंटर एकत्र दाबून नोंदवले :

=मीडियन(इफ((बी२:बी११="म्हैस")*(सी२:सी११="सकाळ"),डी२:डी११))

त्याच दहा ओळींवर हे सूत्र ४.२५ असे उत्तर देते. दहाही ओळी दोन्ही अटींत बसत असताना दोन उत्तरे का यावीत? सूत्रात माझी चूक कुठे आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

नमस्कार. आपल्या अटी बरोबर आहेत. फरक रिकाम्या सेलांमुळे पडतो. मीडियनला थेट सेलांची श्रेणी दिली की ते रिकामे सेल आणि मजकूर वगळते. तीच श्रेणी इफमधून गेली की मीडियनच्या हाती सेल न येता इफने तयार केलेली मूल्यांची यादी येते आणि त्या यादीत रिकाम्या सेलाच्या जागी शून्य बसलेले असते. खात्री करायची असेल तर कोणत्याही कोऱ्या सेलात = लिहून आपल्या रिकाम्या डी सेलाचा पत्ता द्या; तिथे ० दिसेल.

आपल्या आकड्यांवर ताळा करून पाहू. तीन शून्ये धरून चढता क्रम ०, ०, ०, ३.५, ४, ४.५, ५, ५.५, ६, ४२ असा होतो. संख्या दहा, म्हणजे सम, असल्याने पाचव्या आणि सहाव्या संख्येची सरासरी घेतली जाते. ४ आणि ४.५ यांची सरासरी ४.२५, म्हणजे आपल्याला आलेलेच उत्तर. यावर उपाय म्हणून तिसरी अट घाला :

=मीडियन(इफ((बी२:बी११="म्हैस")*(सी२:सी११="सकाळ")*(डी२:डी११<>""),डी२:डी११))

इफच्या शेवटी ‘नाहीतर ०’ असे कधीही लिहू नका. ती जागा सोडून दिली की अटीत न बसणाऱ्या ओळीसाठी ‘फॉल्स’ मिळते आणि यादीतील ‘फॉल्स’ मीडियन मोजत नाही. अटी जोडायला अँड फंक्शनही चालणार नाही, कारण ते ओळीगणिक उत्तर न देता सगळ्या ओळींचे मिळून एकच उत्तर देते. आपण केलेला गुणाकारच योग्य आहे. पुढे ३६५ किंवा २०२१ची आवृत्ती घेतलीत तर नुसते एंटर पुरते, आणि गूगल शीट्समध्ये हेच सूत्र अ‍ॅरेफॉर्म्युलाच्या कंसात ठेवावे लागते.

प्रतिसाद २

वरील उत्तर अचूक आहे. त्याला एक पुरवणी जोडतो. डी स्तंभात कुणी ‘५.५ लि.’ असे टंकले असेल तर तो एक्सेलच्या दृष्टीने मजकूर ठरतो आणि मीडियन तो निमूटपणे सोडून देते. चुकीची सूचनाही मिळत नाही. म्हणून फक्त आकडे असलेले सेल मोजणारे =काउंट(डी२:डी११) आणि रिकामे नसलेले सर्व सेल मोजणारे =काउंटए(डी२:डी११) यांची उत्तरे सारखी आहेत ना, हे आधी पाहावे. शिवाय फिल्टर लावून समोर दिसणाऱ्या ओळींचाच मध्यक हवा असेल, तर सबटोटलमध्ये मध्यकाची सोय नाही; २०१० पासून उपलब्ध असलेले =अ‍ॅग्रिगेट(१२,५,डी२:डी११) वापरावे. इथे १२ म्हणजे मध्यक आणि ५ म्हणजे लपलेल्या ओळी सोडून देणे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिसरी अट घालताच उत्तर ५ आले. मग सूत्रातील श्रेणी वाढवून ते महिन्याच्या संपूर्ण नोंदवहीवर चालवले. काउंट आणि काउंटए यांत दोनचा फरक निघाला. दोन ठिकाणी आकड्यापुढे खरोखरच ‘लि.’ टंकलेले होते, ते दुरुस्त केले.

हे करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चार ओळींत सेल रिकामा नसून स्पष्ट ० लिहिलेले आहे. दूध आणले, पण नासके निघाल्याने परत केले, अशा वेळी आमच्याकडे ० लिहिण्याची पद्धत आहे. ते दूध केंद्राने घेतलेले नसले तरी जनावराने दिलेले आहे, त्यामुळे उत्पादकाची क्षमता मोजताना ते शून्य धरणे मला अन्यायाचे वाटते. त्यामुळे (डी२:डी११<>"") ऐवजी (डी२:डी११>0) अशी अट घातली आहे. रिकामा सेल आणि शून्य, दोन्ही तिने वगळले जातात. परत केलेल्या दुधासाठी उद्यापासून ई स्तंभात ‘परत’ असा शेरा लिहून डीचा सेल रिकामा ठेवणार आहे.