अनुभव धागा : नात्यातली गाडी सीमेपलीकडून आणताना

कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, आलेली परदेशातली मंडळी परत निघाली की आमच्या चोपड्यात (जि. जळगाव) ओट्याओट्यावर एक चर्चा हमखास रंगते. काका दुबईतली गाडी द्यायला तयार आहेत, मेहुणा लंडनहून कायमचा येतोय तर गाडीही आणतो म्हणतो. आणता येईल का? किती पडेल? छातीठोक उत्तरं देणारे ढीगभर, स्वतः आणलेला एकही नाही.

म्हणून हा धागा. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कोणीही, सध्या कुठेही राहत असाल, नात्यातल्या माणसाची गाडी एका देशातून दुसऱ्या देशात नेली-आणली असेल, किंवा आणायला निघून अर्ध्यात नाद सोडला असेल, तर लिहा. गाडी भारतातच यायला हवी असं नाही. कागद कुठले लागले, पैसा कुठे गेला, गाडं कुठे अडलं, एवढं आलं तरी पुष्कळ. "माझ्या मित्राच्या साडूने" छापाचे किस्से नकोत. माझं मत आधीच सांगून टाकतो: कस्टमवाल्यांना नातं दिसत नाही. गाडी कोणाच्या नावावर, किती काळापासून, आणि तिची किंमत काय, एवढंच दिसतं.

अमळनेर (काका दुबईत)

आमचा किस्सा फारच छोटा. काकांची पांढरी प्राडो, निगा राखलेली, ते परत यायला निघाले होते. घरात गाडी लावायला जागासुद्धा करून ठेवली, गोठ्याची एक भिंत पाडून. मग मुंबईतल्या एका क्लिअरिंग एजंटला (कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याला) फोन लावला. त्याने मॉडेल विचारलं नाही, किंमत विचारली नाही. पहिला प्रश्न, "स्टीअरिंग कुठल्या बाजूला?" डावीकडे म्हटल्यावर, "मग विषय संपला."

आखाती देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टीअरिंग डावीकडे. वापरलेली गाडी भारतात आणायची तर स्टीअरिंग उजवीकडेच हवं, आणि गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको. दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, रियाध, कुठूनही नातेवाईक गाडी देतो म्हणाला तर चहा पाजून विषय बदलावा. काकांनी ती तिकडेच विकली. भिंत अजून पडलेलीच आहे.

भुसावळ (भाऊ सिंगापूरला)

सिंगापूरला स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे ती अडचण नव्हती. गाडी दोन वर्षांची. भाऊ म्हणाला तुला भेट देतो, भेटीवर कसला कर? इथेच सगळे फसतात. भेट असो नाहीतर विकत, कर गाडीच्या किमतीवर बसतो. आणि ती किंमत तुमच्या पावतीवरून नाही, तर उत्पादकाची त्या वर्षीची मूळ किंमत धरून त्यातून घसारा वजा करून काढतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच.

समजा मूळ किंमत २० लाख. दोन वर्षांत १६ अधिक १२, म्हणजे २८ टक्के गेले, उरले १४ लाख ४० हजार. मी हिशेब मांडला तेव्हा वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के होतं. म्हणजे नुसतं शुल्क १८ लाख! त्यात जहाजाचं भाडं आणि विमा किमतीत मिळवतात ते वेगळं, आणि या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. (२०२५ च्या अर्थसंकल्पात करांची मांडणी बदलली आहे, तेव्हा माझा आकडा घेऊन कोणाशी पैज लावू नका, चालू तक्ता बघा.)

वडील रेल्वेतून निवृत्त, आयुष्यभर हिशेबाच्या खिडकीवर बसलेले. त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "गाडी राहू दे भो, तो स्वतः आला तरी बास."

जळगाव (दीर-जाऊ ब्रिटनहून परतले)

वरचे दोन्ही वाचून वाटेल की कोणी आणतच नाही. आमच्याकडे आणली. हौसेला मोल नसतं म्हणतात, आमच्या दिरांना ते शब्दशः लागू आहे. सविस्तर लिहिते, कारण तेव्हा आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

गाडी दिरांच्याच नावावर होती आणि आधीपासून होती, हे पहिलं. निघायच्या तोंडावर नातेवाइकाच्या नावावरून स्वतःच्या नावावर करून घेतली असती तर प्रश्नांची सरबत्ती झाली असती, असं एजंटचं म्हणणं. दुसरं, तिकडच्या नोंदपुस्तकात कायमच्या निर्यातीचा एक भाग असतो, तो भरून स्वॉन्झीच्या डीव्हीएलए (तिकडचं आरटीओ म्हणा) कार्यालयाकडे पाठवावा लागतो. तो पाठवण्याआधी अख्ख्या पुस्तकाच्या रंगीत प्रती काढून ठेवा. इकडे प्रत्येक टेबलावर तेच मागतात.

तिसरं फार कमी लोकांना माहीत असतं. ब्रिटनच्या गाडीचा वेग मैलांत दिसतो, भारतात येणाऱ्या गाडीचा स्पीडोमीटर किलोमीटरचा लागतो. शिवाय जहाजावर चढण्याआधी तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि इथे उतरल्यावर, सोडवून घेण्याआधी, पुन्हा चाचणी. ती पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीई अशा ठरावीक वाहनतपासणी संस्थांचीच चालते. वापरलेली गाडी मुंबई बंदरातूनच उतरवता येते. कोणी म्हणालं गुजरातमधून आणू, आपल्या नवापूरला जवळ पडेल, तर ऐकू नका.

आम्ही बंदरात गेलो तेव्हा गाडी कंटेनरात, चाकं लाकडी ठोकळ्यांत अडकवलेली, चारी बाजूंनी पट्टे आवळलेले. बॅटरीची तार काढलेली, टाकीत नावापुरतं पेट्रोल. जाऊबाईंनी मागच्या सीटवर गोधडी टाकून ठेवली होती, सीट खराब होऊ नये म्हणून. अधिकाऱ्याने ती गोधडी काढून, झटकून, घडी उलगडून पाहिली. गाडीत घरचं सामान भरू नका, हे एजंटने बजावलं होतंच. पण गोधडी म्हणजे सामान, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

एखादा कागद कमी पडला की कंटेनर आवारातच पडून राहतो आणि जागेचं भाडं रोज चढत जातं. आमचा एक शिक्का राहिला होता आणि मधे जोडून सुट्ट्या आल्या. त्या भाड्यात एक चांगली दुचाकी आली असती.

पुढे आरटीओ. एमएच-१९ पाटी मिळेपर्यंत दीर पार पिकले. आयात गाडीला महाराष्ट्रात एकरकमी रस्ता कर २० टक्के, तोही कस्टमचा आकार धरून झालेल्या किमतीवर. आता गाडी दारात आहे, देखणी आहे. सर्व्हिसिंगला नाशिक किंवा मुंबई. औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या नेहमीच्या फोरमनने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि हळूच बंद करून म्हणाला, "वहिनी, हवा भरून देतो."

फैजपूर, सध्या हॅमिल्टन (कॅनडा)

माझा भाऊ ओहायोत होता, भारतात परत जाताना त्याची माझदा मला देऊन गेला. अमेरिकेतून कॅनडात, रस्त्यानेच. लोकांना वाटतं पूल ओलांडला की झालं.

आधी अमेरिकेतून बाहेर काढण्याचे सोपस्कार. निर्यातीची ऑनलाइन नोंद करून तिचा क्रमांक घ्यायचा, आणि गाडीच्या मालकीचं मूळ पत्र सीमेवरच्या अमेरिकन कस्टमकडे ७२ तास आधी पोचवायचं. गाडीवर कर्ज असेल तर ते पत्र बँकेकडे अडकलेलं असतं, म्हणून कर्ज आधी फेडा. मग कॅनडाची बाजू. मॉडेल आणता येण्याजोगं आहे का ते ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत बघायचं, आणि कंपनीकडून "या गाडीचं कुठलंही रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) बाकी नाही" असं पत्र आणायचं. भावाला वाटत होतं ते पत्र डीलर फोनवर देईल. त्याने चांगलंच तंगवलं.

चॅसी नंबरचं पहिलं अक्षर बघा. १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली. माझीचं पहिलं अक्षर इंग्रजी 'J' होतं, म्हणजे जपान, त्यामुळे ६.१ टक्के शुल्क पडलं. एसीवर १०० डॉलरचा वेगळा कर आहे, हो, नुसत्या एसीवर! त्यात ५ टक्के जीएसटी. बफेलोच्या पीस ब्रिजवरून फोर्ट एरीला उतरले तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, किती दिलेस? म्हटलं काही नाही, भाऊ आहे. तो हसला आणि बाजारभावाचं कोष्टक उघडून किंमत त्याने स्वतःच लिहिली. नंतर ४५ दिवसांच्या आत ठरावीक केंद्रात तपासणी. दिवसाही जळणारे पुढचे दिवे इथे सक्तीचे आहेत, ते नसतील तर बसवून घ्यावे लागतात.

हे सगळं २०२५ च्या आधीचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये कॅनडाने अमेरिकेतून येणाऱ्या गाड्यांवर प्रत्युत्तराचा २५ टक्के कर लावला. तुमची गाडी त्यात बसते का, हे आधी विचारा, मग भावाला हो म्हणा.

दोंडाईचा (मुलगा ऑकलंडला, मुलगी मेलबर्नला)

मी निवृत्त शिक्षक. मुलाने नवी गाडी घेतली, जुनी बहिणीला द्यायचं ठरलं. न्यूझीलंड ते ऑस्ट्रेलिया, दोन्हीकडे डावीकडून वाहतूक, मला वाटलं धुळ्याहून सुरतला गाडी नेल्यासारखं असेल. ऑस्ट्रेलियाचा नियम असा की, वैयक्तिक आयातीत गाडी आणायची तर आणणाऱ्याने ती परदेशात किमान १२ महिने स्वतःच्या मालकीची ठेवून वापरलेली हवी. मुलगी मेलबर्नला, गाडी ऑकलंडला, तर तिने ती वापरली कधी? भावाने वापरलेले महिने बहिणीच्या खात्यात धरत नाहीत. शिवाय परवानगी गाडी निघण्याआधी हातात लागते, नंतर नाही.

मुलाच्या शेजाऱ्याने मात्र स्वतःची गाडी नीट नेली. त्याला चाकांच्या वरच्या पोकळीतला चिखल पाणी मारमारून काढावा लागला, कारण माती आणि बी-बियाणं तिकडे चालत नाही. मी आमच्या गाडीच्या पायपोसाखाली कायम दोन-चार सरक्या आणि मिरचीचं बी पाहत आलोय. आमची गाडी त्यांनी बंदरातूनच परत पाठवली असती.

शिरपूर

आयात नाही, पण सीमा ओलांडली म्हणून लिहितो. शालकाची गाडी घेऊन पशुपतिनाथला गेलो, सोनौलीमार्गे. नेपाळमध्ये शिरताना भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरावा लागतो, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा. भारतीय खाजगी गाडीला वर्षभरात एकूण ३० दिवसच मिळतात. आरसी शालकाच्या नावावर असल्याने त्याचं संमतीपत्र नेलं होतं, ते मागितलं. भन्सारची पावती आपण परत येईपर्यंत समोरच्या काचेजवळ ठेवा, नाक्यानाक्यावर बघतात. मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपण्याआधी भन्सार वाढवून घ्या, नंतर दंड.

धुळे

कोणी आजोबा-पणजोबांच्या गाडीची स्वप्नं बघत असेल तर एक माहिती. जुन्या, म्हणजे व्हिंटेज गाड्यांना तीन वर्षांची अट नाही. पूर्वी १९५० च्या आधीचीच लागायची, २०२५ मध्ये ती अट ५० वर्षांहून जुनी अशी झाली. आमच्या नात्यात नैरोबीला एक आहे, १९७१ ची. कर मात्र सुटत नाही, म्हणून ती अजून नैरोबीलाच आहे.

नंदुरबार

जळगावच्या ताईंना विचारायचं होतं. आमचे साडू लेस्टरहून पुढच्या महिन्यात गाडी चढवतायत. मैलाचा स्पीडोमीटर किलोमीटरचा करून देणारा कोणी नाशिक-धुळ्याकडे माहीत आहे का?

जळगाव

भाऊ, इकडे नका शोधू. त्यांना आजच फोन करा आणि गाडी चढवण्याआधी लेस्टरलाच बदलून घ्यायला सांगा. बदलल्याची पावती मूळ कागदांसोबत ठेवा, आणि गाडीत गोधडी ठेवू देऊ नका.