कारवारच्या चिरेबंदी घरातला जुना एसी बदलायचा आहे: सल्ला हवा

शहापूरकर (बेळगाव)

कारवारला कोडीबागेत, काळी नदीच्या मुखाजवळ, माझे आजोळ आहे. घर जुने, चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे असून आतून चुन्याचा गिलावा आहे. तिथे आता ७८ वर्षांच्या मामी एकट्याच राहतात. मधल्या खोलीत २००९ साली दीड टनाचा खिडकीचा एसी बसवला, तेव्हा सागवानी खिडकीच्या वरच्या झडपा काढाव्या लागल्या, आणि ती गोष्ट मामी अजून बोलून दाखवतात. हे यंत्र आर-२२ गॅसवर चालते. गेल्या तीन वर्षांत त्यात दोनदा गॅस भरला. आता मागचा पत्रा गंजून हाताला लागतो आणि कॉइलच्या पत्र्यांची पांढरी भुकटी पडते.

मेकॅनिकचे म्हणणे असे, की दोन स्प्लिट घ्यावेत, त्यांची बाहेरची युनिटे ओसरीच्या वर दर्शनी भिंतीला टांगावीत, आणि कौलांखाली पीव्हीसीचे छत मारावे. रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या भिंतीवर लोखंडी चौकटी ठोकायला मन धजत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर राहणाऱ्या आम्हा बेळगावकरांना एसीचे ज्ञान बेताचेच. एप्रिलमध्ये उकाड्याची तक्रार करावी आणि वळवाची वाट पाहावी, इतकाच आमचा अनुभव. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गारवा (खानापूर)

माझा व्यवसाय एसी दुरुस्तीचा आहे. त्या यंत्रात पुन्हा गॅस भरू नका. आर-२२ ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत असून, भारतासारख्या देशांसाठी २०३० ही मुदत आहे. जुन्याच यंत्रात आर-३२, म्हणजे नव्या यंत्रांतला गॅस, भरून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे. त्या गॅसचा दाब सुमारे दीडपटीहून अधिक असतो, त्याला तेल वेगळे लागते, आणि तो थोडाफार ज्वालाग्राहीही आहे. जुने यंत्र त्यासाठी बनवलेलेच नाही.

आता त्या पांढऱ्या भुकटीविषयी. कॉइलमध्ये तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या घट्ट बसवलेल्या असतात. त्यांवर खारट ओल साचली, की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. उष्णता बाहेर टाकली जात नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल चढते. दुकानात निळ्या पत्र्यांचे यंत्र दाखवतील; तो निळा थर पुष्कळदा फक्त पाणी लवकर ओघळावे म्हणून दिलेला असतो. नळ्यांची वळणे आणि जोड यांच्यासह संपूर्ण कॉइलवर गंजरोधक लेप आहे का, हे नेमके विचारा.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून लोक वाद घालतात. बाहेरचे युनिट पागोळीच्या आत, आडोशाला ठेवले की ते अधिक टिकेल असे वाटते, पण तिथे खारा वारा पोचतो आणि मीठ धुऊन टाकणारा पाऊस पोचत नाही. म्हणून ते उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्याकडे थेट तोंड न करता ठेवावे, आणि पावसाळा सोडून दर महिन्याला वीज बंद करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे.

चुना आणि चिरा (टिळकवाडी, बेळगाव)

मी स्थापत्य अभियंता असून जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. आधीचा सल्ला यंत्रापुरता योग्य आहे, पण माझ्या मते आधी घराचा विचार व्हायला हवा. चिरा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो. त्यात ठोकलेले अँकर कंपनाने सैल होतात आणि त्या भोकांतून पाणी मुरते. म्हणून दर्शनी भिंत विसरा. परसात सिमेंटचा छोटा ओटा करून त्यावर रबरी पट्ट्यांसह स्टेनलेस स्टीलचे स्टँड ठेवा. तांब्याची नळी भिंत न फोडता मागच्या झरोक्यातून, लाकडी फळीला भोक पाडून आणता येईल. कारवारच्या दमट हवेत एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. ते भिंतीच्या पायथ्याशी न सोडता उताराच्या नळीने माडाच्या आळ्यात न्यावे.

पीव्हीसीच्या छताला माझा स्पष्ट विरोध आहे. कौलांच्या फटींतून दमट हवा सतत येते, त्यामुळे खोलीला छत हवे हे खरे. पण प्लास्टिकच्या वर ओल कोंडली, की वासे कुजतात आणि वाळवी लागली तरी वर्षानुवर्षे कळत नाही. फळ्यांची तक्तपोशी करा, वर हवा खेळायला जागा ठेवा, आणि एक फळी काढता येण्याजोगी असू द्या. भिंतींना प्लास्टिक पेंट किंवा सिमेंटचा गिलावा लावू नका. चुना ओल घेतो आणि सोडतो, तेच त्याचे काम आहे. मे महिन्यात तिथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, २५ अंशांच्या आसपास असतो. खोली २० अंशांवर ठेवली, तर बाहेरची हवा शिरेल तिथे, लाकडावर आणि भिंतीवर, पाणी धरणारच. २६ अंश आणि मंद पंखा पुरेसा आहे.

तक्तपोशी झाली, दारे-खिडक्यांच्या फटी बुजल्या, तर १२ बाय १२ फुटांच्या खोलीला एक टनाचे, म्हणजे साडेतीन किलोवॉट गारवा देण्याच्या क्षमतेचे, इन्व्हर्टर यंत्र (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे) पुरावे. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि ओल तशीच राहते. अंगाला गार, पण चिकट वाटते.

कोडीबागचा शेजारी (कारवार)

वरील दोघांचे म्हणणे मान्य करूनही मी खिडकीच्या एसीची बाजू मांडतो. माझ्या घरी समुद्राच्या वाऱ्यापुढे महागडा स्प्लिटही सहा वर्षांच्या वर टिकला नाही. खिडकीचा एसी अखंड बाहेर काढता येतो, जूनमध्ये उतरवून झाकून ठेवता येतो, आणि तुमची खिडकी तर आधीच कापलेली आहे. आमच्याकडे खरा त्रास एप्रिल-मे आणि थोडा ऑक्टोबर. पाऊस लागला की पंखाच पुरतो.

वायरिंग मात्र आधी पाहा. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे बटण) आणि खात्रीचे अर्थिंग लागते. आमच्या वाळूच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते. हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, मंजूर भार किती आहे तेही तपासा. मामींना कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ मिळत असेल, तर महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. रोज आठ तास एसी चालवला, तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी अणशी घाट उतरून कारवारला जाऊन आलो. ठरले ते असे: दोनऐवजी एकच, एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, तोही फक्त मधल्या खोलीत, बाहेरचे युनिट परसात, विहिरीच्या अलीकडे. तक्तपोशीसाठी सुतार पाहून गेला आणि वायरिंगचे काम आधी होईल. शेजाऱ्यांचा खिडकीच्या एसीचा मुद्दा पटण्यासारखा होता, पण मामींनी माळ्यावरून गोणपाटात बांधलेल्या त्या जुन्या झडपा काढून समोर ठेवल्या, तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नाही. सुतार म्हणतो, दोन पट्ट्या नव्या कराव्या लागतील, बाकी जशाच्या तशा बसतील.

एक शंका उरली आहे: जुना एसी भंगारवाल्याला द्यावा का?

गारवा (खानापूर)

तसाच देऊ नका. तो नळी कापून उरलासुरला गॅस हवेत सोडून देईल. नवे यंत्र बसवणाऱ्याला आर-२२ सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा आणि मगच यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवा. आणि बाहेरच्या युनिटची पहिली धुलाई दिवाळीनंतर लगेच करा, तेव्हापासूनच खारा थर बसू लागतो.