लीडरशिप कॉन्फरन्सला टीम गेली, शॉप फ्लोअरवर काय आलं?

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
काल एका मॅनेजर साहेबांची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरत होती. ‘आमची टीम पुण्याच्या लीडरशिप कॉन्फरन्सहून नवी दृष्टी घेऊन परतली. धडे : आधी ऐका. चुकीला शिक्षा नको, चुकीतून शिका. प्रत्येक माणूस लीडर आहे.’ खाली गळ्यात बिल्ले अडकवून अंगठे वर केलेला फोटो. फोटोत पोअरिंगचा, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतणारा, एक माणूस नाही, फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारा, नाही. प्रत्येक माणूस लीडर, मग गाडीत फक्त केबिनवालेच कसे बसले?

मी एसजी आयर्नच्या, म्हणजे मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या लोखंडाच्या, फौंड्रीत आहे. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. क्रेन अडकली, लॅडल (वितळलेल्या लोखंडाची बादली) लटकत राहिली, की मॅग्नेशियम उतरत जातं. पोअरिंगच्या पोराला हे कळतं. ते मेटल मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, न ओतता पिग करायला पाहिजे, म्हणजे बाजूला ठोकळे ओतून पुन्हा वितळवायला ठेवायचं. पण पिग केलं की सुपरवायझर सगळ्यांसमोर आई-बहीण काढणार आणि गेटजवळच्या फळ्यावर लाल खडूनं त्याचं नाव लागणार. मग पोरगं गप्प ओतून मोकळं होतं. पुढं लॅबमध्ये नोड्युलॅरिटी, म्हणजे लोखंडातल्या ग्राफाइटची गोलाई, बसत नाही आणि अख्खा लॉट परत भट्टीत. फळा लावला त्यांनीच, आता ‘चुकीला शिक्षा नको’ लिहितात तेही तेच.

एचआर_ताई:
राग कळला, पण म्हणून कॉन्फरन्सच फालतू? मीही गेले होते अशा एका ठिकाणी, निम्मी भाषणं झोप आणणारी होती हे कबूल. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त! कारण तिथल्या नर्सेस चूक झाली की सांगत होत्या, बाकीच्या वॉर्डांत झाकत होत्या. तुमचा लॅडलचा किस्सा अगदी हाच आहे. मग भांडताय कुणाशी?

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
ताई, म्हणजे शून्य चुका दाखवणारा सुपरवायझर सगळ्यात धोक्याचा. पटलं. मग दर वर्षी ‘बेस्ट शिफ्ट’ची ढाल त्यालाच का देता?

उद्यमनगर_मिस्त्री:
आमी कुठल्या कॉन्फरन्सला गेलो न्हवतो आन् कारखानं उभं केलं. आवाज ऐकून मशीन कुठं दुखतंय ते सांगायचो. लीडरशिप शिकाय पुण्याला कशाला जायाला पायजे? शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हाटेलात जाऊन चहा प्याले. संपला विषय.

पंचगंगा_काठ:
मिस्त्री, महाराजांचं नाव काढलं की कोल्हापुरात समोरचा गप्प बसतो, म्हणून काढलंत. गोष्ट पुरी सांगा की. गंगारामांना धंदा टाकायला आधी महाराजांनी पैसे दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा भाऊसिंगजी रोडवर गाडी थांबवून स्वतः प्याले आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावला. मागासलेल्यांना नोकऱ्यांत ५० टक्के जागांचा हुकूम तर १९०२ मध्येच निघाला होता. हुकूम, पैसा, चहा, तिन्ही. आपल्याकडं नुसता चहा, आणि तोही वेगळा! आमच्या कंपनीत स्टाफला कँटीनमध्ये काचेचा कप आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना शेडमागं पत्र्याखाली, कागदी कपात. पाऊस लागला की तो कप हातात भिजतो. एकाच मोल्डवर काम करतात दोघं.

उद्यमनगर_मिस्त्री:
गप्प बसवाय न्हाई बोललो, मर्दा. आमच्या वक्ताला मालक बी आमच्यासंगं बाकड्यावर बसून भाकरी खायाचा.

गोकुळ_शिरगाव_मालक:
आला लाल बावटा! धागा लीडरशिपचा, पोचलात कँटीनवर. कॉन्ट्रॅक्टची माणसं ठेकेदाराची, चहा त्यानं बघावा. इथं वीज बिल बघून छातीत कळ येते, ग्राहक दर वर्षी रेट खाली मागतो आणि तुम्हाला काचेचे कप पाहिजेत. एकदा पगाराच्या तारखेला मालकाच्या खुर्चीत बसून दाखवा.

पंचगंगा_काठ:
ठेकेदाराचं काय सांगताय? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं, ठेकेदारानं सोयी दिल्या नाहीत तर मूळ मालकानं द्यायच्या आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. ग्राहकानं पैसे कापल्याचा डेबिट नोट तुम्हाला तोंडपाठ, हे मात्र माहीत नाही. आणि बावटा म्हणायचं तर म्हणा, माझा बाप मिलमध्ये होता.

गोकुळ_शिरगाव_मालक:
वकिली बंद करा. बापाला आणू नका मध्ये, माझाही लेथवरच होता.

एचआर_ताई:
आता जरा थांबता का दोघं? टोयोटात लाईनवरचा साधा कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो, वेळ पडली तर लाईन थांबते. दोरीला खर्च किती? ओढल्यावर कोण ओरडत नाही, खरी गोष्ट ती. कागदी कपातला चहा पिणारा पोरगा तुमच्यासमोर दोरी ओढेल का? म्हणून कँटीन विषयाबाहेर नाही, मालक.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
हे वाक्य पोस्टमध्ये टाकलं असतं तर मी गप्प लाईक केलं असतं. पुढच्या वेळी गाडीत एक सीट पोअरिंगवाल्याला द्या, एवढंच म्हणणं होतं.

गोकुळ_शिरगाव_मालक:
सीट देतो, त्या दिवशी पोअरिंग तुम्ही करायला या. बरं, लाल खडूचा फळा आमच्याकडंही आहे. तुम्ही एवढे शहाणे, तर महिनाभर नावं लिहायची बंद करतो. रिजेक्शन वाढलं की आकडे इथंच टाकणार, मग बघू कोण बोलतंय.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
वाढणारच आहे, आजवर झाकलेलं वर येईल. ताईंची नर्सची गोष्ट वाचली का नाही?

उद्यमनगर_मिस्त्री:
आन् कँटीनचं?

गोकुळ_शिरगाव_मालक:
आधी फळा.