बंद वीजकेंद्रं पाडताना माणसं स्फोटात मरत नाहीत, त्याआधीच्या कटिंगमध्ये मरतात

चंद्रपूरकर

६ नोव्हेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या वीजकेंद्रात साठेक मीटर उंचीचा एक बंद बॉयलर टॉवर कोसळला आणि सात कामगार गेले. आपल्याकडे बातमी आली ती ‘टॉवर पाडताना दुर्घटना’ अशी. पण त्या दिवशी टॉवर पाडायचाच नव्हता. तो पुढे स्फोटाने पाडायचा होता आणि त्यासाठी आधार आधीच कापून ठेवायचं काम चाललं होतं. सांगाडा ठरल्या दिवसाची वाट न बघता खाली आला.

इंग्लंडमध्ये डिडकॉटला २३ फेब्रुवारी २०१६ ला हेच झालं. बॉयलर हाऊस स्फोटासाठी तयार करताना अर्धी इमारत बसली, चौघे गेले. शेवटचा मृतदेह सापडायला सप्टेंबर उजाडला, कारण उरलेला अर्धा भाग डोक्यावर लटकत होता. त्यात माणूस पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून जुलैमध्ये रोबोंकडून सुरुंग लावून तो पाडला. अमेरिकेत ओहायोतल्या किलन केंद्रात डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच, दोघे गेले. तीन देश, तिन्हीकडे प्रगत कायदे, आणि तिन्हीकडे माणसं मेली ती कापाकापीच्या काळात.

याचं कारण बॉयलरच्या रचनेत आहे. मोठ्या संचाचा बॉयलर जमिनीवर बसवलेला नसतो, तो माथ्यावरच्या गर्डरना टांगलेला असतो. तापला की तो खालच्या दिशेने वाढतो, त्याला मोकळीक लागते म्हणून. म्हणजे शेकडो टन वजन सगळ्यात वर आणि ते पेलणारे खांब खाली. त्या खांबांना सरळ धरून ठेवतात ते तिरके ब्रेसिंग. गॅस कटर घेऊन तुम्ही तळाचं ब्रेसिंग कापायला लागलात की खांबाची न आधारलेली लांबी वाढत जाते आणि एका क्षणी तो वाकतो. आधी करकर नाही, इशारा नाही. चाळीस वर्षं राख, पाणी आणि गंज खाल्लेल्या खांबात किती ताकद उरली आहे हे जुन्या ड्रॉइंगवरून कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बॉयलरचा सांगाडा स्फोटाने पाडायला आपल्याकडे बंदी हवी. ज्या क्रमाने तो उभा केला त्याच्या उलट क्रमाने, वरून खाली, तुकड्या-तुकड्याने क्रेनने उतरवा. कोराडी, परळी, भुसावळ, नाशिक, आमचं चंद्रपूर, सगळीकडचे जुने संच बंद झालेत आणि पुढच्या काळात अजून होणार आहेत. उल्सान आपल्याकडे व्हायच्या आधी हे ठरायला हवं.

सुरुंगवाला

मी सिव्हिलवाला आहे, पाडकामाशी रोजचा संबंध आहे. बंदीला माझा ठाम विरोध.

तुम्ही तीन मोठ्या दुर्घटना मोजल्यात, कारण त्या बातमीत आल्या. वरून खाली उतरवायचं म्हणजे साठ-सत्तर मीटरवर पन्नास-साठ माणसं, हातात गॅस कटर, काही महिने, पावसाळ्यासकट. तिथे एकेक करून माणूस पडतो. आज एक, दोन महिन्यांनी एक. त्याची बातमी जिल्हा पुरवणीच्या कोपऱ्यात येते आणि कुणी चर्चा करत नाही. उंचीवरचे मनुष्य-तास कमी करणं हाच सुरक्षेचा पहिला नियम आहे आणि स्फोट तेच करतो.

सुरतजवळच्या उत्राण केंद्राचा ८५ मीटरचा कूलिंग टॉवर २१ मार्च २०२३ ला पाडला. सुमारे २२० किलो स्फोटकं, काही सेकंदांचं काम, कुणाला खरचटलंही नाही. नोएडाचे जुळे टॉवर कारखाना नव्हते, पण २८ ऑगस्ट २०२२ ला ३,७०० किलो स्फोटकांनी ते शेजारच्या वस्तीत काच-तडा आणि एका कुंपणभिंतीचं नुकसान वगळता काही न होता बसवले, आणि ते काम करणारी कंपनी मुंबईची होती. आपल्याकडे हे कौशल्य आहे. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याचा चांदणी चौकातला पूल उडवला तेव्हा तो पहिल्या धमाक्यात पूर्ण पडला नाही. टीका बरीच झाली. पण उरलेलं पोकलेनने रात्रीत काढलं आणि माणूस एकही गेला नाही, कारण त्या क्षणी पुलाजवळ कुणी नव्हतं. स्फोटाची चूकसुद्धा रिकाम्या जागेत होते, हा त्याचा मोठा गुण आहे.

चंद्रपूरकर

कूलिंग टॉवर आणि बॉयलर हाऊस एकाच मापाने मोजू नका. कूलिंग टॉवर म्हणजे काँक्रीटचं पातळ कवच, तिरक्या पायांच्या कड्यावर उभं. पायांत आणि कवचात सुरुंगाची भोकं पाडली तरी तो उभा राहतो. चिमणीचंही तसंच, पाचरीसारखा तुकडा काढून ती ठरवलेल्या दिशेला झोपवता येते, फक्त तिच्या उंचीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी. या दोन्हींना माझा विरोध नाही. स्टीलच्या सांगाड्याला मात्र नुसता धक्का पुरत नाही. सुरुंगाने तो तुटावा म्हणून खांब आधीच अर्धे कापून ठेवावे लागतात. तुमची ‘रिकामी जागा’ स्फोटाच्या दिवशी असते. त्याआधीचे कित्येक दिवस त्या कापलेल्या खांबांखाली माणसं वावरत असतात.

दीपनगर_एक्स

स्फोटाच्या दिवशीही सगळं रिकामं असतं असं नाही. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला ऑगस्ट २०१३ मध्ये जुन्या केंद्राचा बॉयलर सांगाडा उडवताना धातूचा तुकडा लांब उभ्या असलेल्या प्रेक्षकापर्यंत गेला आणि त्याचा पाय गेला. २०१९ मध्ये डिडकॉटचेच उरलेले कूलिंग टॉवर पाडताना विजेच्या तारांना दणका बसून हजारो घरं अंधारात गेली. आपल्याकडे तर गाव गच्चीवर चढून मोबाईल धरून उभं राहतं. पोलीस किती हटवणार?

जमाखर्च

भावना समजते, पण पैशाचं बोला. बंद संच हा सरकारी कंपनीच्या डोक्यावरचा बोजा आहे. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात तो ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर विकला की जास्तीत जास्त बोली लावणारा ठेकेदार पैसे भरतो, मोडतो, भंगार घेऊन जातो आणि जागा रिकामी करून देतो. कंपनीला एक रुपया खर्च नाही, उलट कोट्यवधी मिळतात. क्रेन लावून उलट क्रमाने उतरवायचं म्हटलं की बोली निम्म्यावर येईल. तो फरक शेवटी वीजबिलातून आपणच भरणार. महाराष्ट्रातला ग्राहक आधीच महाग वीज घेतो.

जुना_खलाशी

जमाखर्च साहेब, मी हे काम केलेलं आहे, नाव-गाव कुणाचं घेत नाही. तुमच्या त्या लिलावातून खाली काय होतं ते सांगतो.

ठेकेदाराने पैसे आधी भरलेले असतात, त्यावर व्याज चालू असतं. त्याला पहिला पैसा काढायचा असतो तांब्या-पितळेतून. म्हणून आत शिरल्यावर पहिली धाड केबल ट्रेवर आणि वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या पितळी नळ्यांवर. मग मोटारी, मग व्हॉल्व्ह. लोखंडाचा नंबर शेवटी. म्हणजे काय आधी काढायचं हे भाव ठरवतो, इंजिनियर ठरवत नाही. कुठला पाइप कुठल्या बीमला धरून आहे हे बघायला कुणाला वेळ नसतो.

बॉयलरचा डक्ट, म्हणजे हवा-धूर नेणारा पत्र्याचा बोगदा, कापताना एक पोरगा बघितला होता. ज्या तुकड्याला तो कापत होता त्याच तुकड्यावर बसलेला. पायात चप्पल, बेल्ट कमरेला होता पण हुक कुठेच अडकवलेला नाही, कारण अडकवायला वर काही उरलंच नव्हतं. खाली हायड्रा क्रेन उभी होती, तिचा ऑपरेटर वरून पडणाऱ्या ठिणग्या चुकवत होता. स्टीम लाइनवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, बायका हाताने ओरबाडून काढत होत्या. जुन्या लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ते ओलं करून, पिशवीत सीलबंद करून काढायचं असतं. तिथे ते सुकंच ओढलं जात होतं आणि पांढरी धूळ केसांवर बसली होती. त्या बायकांपैकी कुणाला पंचवीस-तीस वर्षांनी फुफ्फुसाचा आजार झाला तर तो कुठल्या ठेकेदाराच्या नावावर लिहिणार?

म्हणून म्हणतो, स्फोट की क्रेन हा वाद नंतरचा.

सुरुंगवाला

खलाशी यांनी लिहिलं ते शब्दशः खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. हा पोरगा वरून-खाली पद्धतीत होता, स्फोटात नव्हता.

चंद्रपूरकर

तो पोरगा कुठल्याच पद्धतीत नव्हता. पद्धत म्हणजे मेथड स्टेटमेंट, कामाचा आधी लिहून काढलेला आराखडा, कुठला जोड कधी सुटणार याचा क्रम, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि तो उतरेपर्यंत खालचा भाग मोकळा. भावाप्रमाणे ओरबाडण्याला वरून-खाली म्हणू नका.

कलम३७

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी, कारण गोंधळ इथेच आहे.

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याची व्याख्या वाचा. त्यात ‘पाडकाम’ आहे, वीजनिर्मिती आहे, कूलिंग टॉवरसुद्धा नावाने आहे. पण शेवटी एक अपवाद: जिथे कारखाना कायदा लागू तिथे हा कायदा नाही. आता बंद पडलेलं केंद्र हा कारखाना आहे का? मालक म्हणतो उत्पादन थांबलं, परवाना परत केला, माझा कारखाना संपला. ठेकेदार म्हणतो मी कारखान्याच्या आवारात आहे, बांधकामाचा कायदा मला लावू नका. दोघांच्या मध्ये कामगार उभा.

माझ्या मते उत्तर कारखाना कायद्यातच होतं. १९४८ च्या कायद्यात ‘उत्पादन प्रक्रिया’ची व्याख्या कुठलीही वस्तू विकण्यासाठी किंवा विल्हेवाटीसाठी तोडणं, मोडणं इथपर्यंत जाते. भंगार विकायला संच मोडणं हे त्यात बसतं. मग कलम ३६ येतं, बंदिस्त जागेत वायू तपासल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. कलम ३७ येतं, ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीला तो काढून टाकल्याशिवाय कटर लावायचा नाही. इंधन तेलाच्या जुन्या टाक्या, हायड्रोजनची लाइन, सगळं यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रम संहितांत गेले, पण तपासनीस पाडकामाच्या जागी जातो का, हा प्रश्न तोच राहिला. स्फोटकांचं नियंत्रण मात्र कडक आहे, ती परवानगी देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. म्हणजे सुरुंगाच्या प्रत्येक किलोचा हिशोब द्यावा लागतो आणि गॅस कटरने कापलेल्या खांबाचा कुणालाच नाही. चंद्रपूरकरांचा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो.

गिरणगाव

पाडायलाच हवं का? जर्मनीत एसेनची त्सोलफेराइन कोळसा खाण १९८६ ला बंद झाली, आज ती जागतिक वारसा आहे. आमच्या चिमण्या एकेक करून गेल्या. मागे फक्त टॉवर उरले, काचेचे.

चंद्रपूरकर

गिरणगाव, एखादी चिमणी ठेवावी, आनंद होईल. पण राखेने माखलेला बॉयलर संग्रहालय म्हणून सांभाळायला त्यातलं ॲस्बेस्टॉस आणि ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल आधी काढावंच लागतं. म्हणजे फिरून तेच कामगार, तोच प्रश्न. आणि नुसतं गंजत ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. भंगारचोर रात्री शिरतात, त्यांच्या कापाकापीचा तर कुणाकडे नकाशाच नाही.

जमाखर्च

ठीक. मग बिल कोण भरणार हे सांगा. अजून कुणी सांगितलेलं नाही.

चंद्रपूरकर

सांगतो. निविदा दोन करा. एक मोडण्याची, जिथे कंपनी ठेकेदाराला कामाचे पैसे देते आणि क्रम, क्रेन, माणसं, दिवस यावर त्याला तपासते. दुसरी भंगाराची, जी जमिनीवर उतरवून वर्गवारी करून ठेवलेल्या मालाची. वर्गवारी केलेल्या तांब्या-पोलादाला ‘जसं आहे’पेक्षा चांगला भाव येतो, बराचसा खर्च तिथेच भरून निघतो. मुख्य म्हणजे मोडणाऱ्याला घाई करण्यात फायदा उरत नाही. मालाचा पैसा त्याचा नाहीच.

आणि घातक मालाची यादी लिलावाआधी मालकाने करायची. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं ते आठवा. विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता, भंगारवाल्यांनी ते यंत्र कापलं, एक जण गेला, बाकीचे भाजले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्यांतल्या जुन्या पातळीमापकांतही किरणोत्सारी स्रोत असू शकतात. ‘जसा आहे’ या शब्दांमागे मालक लपता कामा नये.

जुना_खलाशी

दोन निविदांना माझा पाठिंबा. एकच घाला, हजेरी रोजची. पोटठेकेदाराचा पोटठेकेदार असला की आत माणसं किती हे कुणालाच माहीत नसतं. ढिगाऱ्याखाली किती जण शोधायचे हेही मग अंदाजाने.

सुरुंगवाला

दोन निविदा मान्य. घातक मालाची यादी मान्य, हजेरी मान्य. बंदी अमान्य, आणि त्यावरून मी हटणार नाही. काही बॉयलर इतके गंजलेले असतात की माथ्यावरच्या गर्डरवर क्रेनचा माणूस चढवणंच जास्त धोक्याचं. तिथे पर्याय काय?

चंद्रपूरकर

तिथे डिडकॉटने शेवटी केलं ते. रोबो, लांब हाताचं पोकलेन, खाली माणूस शून्य. महाग आहे, मान्य. पण माणसाने आत जाऊन खांब कापायचा आणि मग सगळ्यांनी मागे सरकायचं, हा पर्याय मी मान्य करणार नाही. तुम्ही गंजलेल्या बॉयलरचं म्हणता, त्याच गंजलेल्या बॉयलरखाली कटर घेऊन कुणाला पाठवणार ते सांगा.

सुरुंगवाला

स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनियरने प्रत्येक कटची गणितं करून सही केल्यावर, सांगाड्याची हालचाल मोजणारी यंत्रं लावून, एका वेळी एक खांब, स्फोटाच्या अगदी जवळच्या दिवसांत. अशी अट घाला, मी त्या सहीखाली माझी सही करेन. सरसकट बंदी घातली तर हेच काम चोरून आणि सहीशिवाय होईल.

कलम३७

ही अट निविदेत लिहून आली तर निम्मं भांडण संपेल. सही करणारा इंजिनियर ठेकेदाराच्या पगारावर नको, मालकाच्याही नको, एवढं मात्र तिच्यात स्पष्ट लिहा.