‘हळू वाजव’ म्हटलं की मुलं सावकाश वाजवतात! ‘सॉफ्ट’ला काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: बालवाडीसाठी आवाजाच्या खेळांची कार्डं मराठीत करते आहे. ‘लाउड’ला ‘मोठ्याने’ चालतं. अडलंय ते ‘सॉफ्ट’शी. ‘डबा हळू वाजव’ लिहिलं की चार वर्षांची मुलं ठोके सावकाश देतात, पण तितक्याच जोरात. ‘मऊ आवाज’ तर नकोच.

चुरमुरा: ‘बारीक’ घ्या. टीव्हीचा आवाज बारीक कर, असं म्हणतोच की.

तंबोरा: ‘बारीक आवाज’ म्हणजे पातळ, उंच पट्टीचाही. ‘चढा’चं तेच. ‘मंद’ घेतलात तर पुढे मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाशी गल्लत, ‘तीव्र’ घेतलात तर तीव्र मध्यमाशी, म्हणजे ‘म’ या स्वराच्या वरच्या रूपाशी. तबल्याच्या चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, एकच बोट आधी हलकं, मग जोरात मारून दाखवा. स्वर तोच राहतो, बदलतो तो फक्त जोर. हे ऐकवल्याशिवाय शब्द देऊच नका.

मूळाक्षर: ‘हळू’वर राग नको. संस्कृत ‘लघु’, प्राकृत ‘लहु’, मग अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’. ‘हलका’ त्याच कुळातला. मूळ अर्थ वजनाचा, वेगाचा नाही. म्हणून ‘हलक्या हाताने वाजव’ लिहा.

पाटीपेन्सिल: डब्याला छान. पण गाण्याला? तिथे हात कुठून आणू? ‘कुजबुजत गा’?

तंबोरा: अजिबात नको. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे सूरच निघत नाही. ‘बाळ झोपलंय, तसं गा’ म्हणा.

शुद्धलेखनी: ‘जोरात’ कशाला? फारसी आहे. ‘मोठ्याने’च ठेवा.

मूळाक्षर: मग ‘आवाज’ही काढा, तोही फारसीच.

शुद्धलेखनी: ‘ध्वनी’ आहे ना!

चुरमुरा: चार वर्षांच्या पोराला ‘ध्वनी’? बरं, डब्यात काय भरताय? राजमा मूठभरच घ्या. काठोकाठ भरला तर दाण्यांना हलायला जागा उरत नाही, कितीही हलवा, खुळखुळ येत नाही. आणि दोन्ही आवाजांना डबा एकच. एकात तांदूळ, दुसऱ्यात राजमा घेतला की मुलं जोर नाही, दाणे ओळखतात.

तंबोरा: वाडग्यावर प्लॅस्टिक ताणून रबर लावा, वर दहा-बारा मोहरीचे दाणे, आणि वीतभर अंतरावर ताटली वाजवा. जोराच्या ठोक्याला मोहरी उडते, हलक्याला जेमतेम थरथरते. प्लॅस्टिक सैल राहिलं तर काहीच होत नाही. मीठ नको, पावसाळ्यात ओल धरून चिकटतं.

शुद्धलेखनी: ‘मोठ्याने’ की ‘मोठ्यांदा’? कार्डावर एकच रूप हवं.

चुरमुरा: बोलताना ‘मोठ्यांदा’च येतं तोंडात.

शुद्धलेखनी: बोलताना. छापताना नाही.