छाप कोणाची, निर्णय कोणाचा
व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मोठ्या स्टुडिओत नोकरी केली की आपल्या कामाची छाप गेमवर हमखास उमटते, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकची घोषणा युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये केली, तेव्हा त्याची सूत्रे कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती (आपल्याकडे त्याचे अप्रूपही बरेच होते), परंतु ट्रेलरमधील ग्राफिक्सवर टीका झाली, प्रकाशन लांबत गेले आणि मे २०२२ मध्ये ते काम २००३ चा मूळ गेम घडवणाऱ्या कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आले. अनेक देशांत शाखा असलेल्या कंपनीत एखादा गेम असा हातातून निघून जाऊ शकतो, हे तिथे नोकरी धरणाऱ्याने आधीच गृहीत धरावे.