मिडब्रेनची पट्टी: नाकापाशी बघा

कुणीतरी लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मिडब्रेन क्लासच्या (मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू; तो 'चालू' केला की पोरांना डोळे बांधूनही दिसतं, असं सांगणारे हे क्लास) डेमोत पोरानं डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखले, म्हणजे काहीतरी असणारच. असतं की, फट असते! नाकाच्या दोन्ही बाजूंना कापड गालाला टेकत नाही, तिथून खालचं दिसतं. म्हणून तर पोर पत्ता छातीपाशी धरतं, हनुवटी वर करतं, मग 'वास घेतं'. पोर लबाड असतं असं नाही. मोठ्यांना खूश करायचं असतं बिचाऱ्याला.

पट्टी तीच राहू दे. फक्त हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरा, किंवा पत्ता कपाळासमोर न्या. दहा पत्ते नीट पिसून घ्या. लाल की काळा एवढंच विचारलं तर अंदाजपंचे पाचेक बरोबर येतातच, सात आले म्हणून नाचू नका.

आणि मध्यमेंदू 'चालू' करायचा म्हणजे काय? मेंदूच्या बुंध्यातला जेमतेम दोन सेंटीमीटरचा भाग तो. डोळे हलवणं, उजेडात बाहुली आकसणं ही कामं त्याच्याकडे. टॉर्च दाखवल्यावर पोराची बाहुली लहान झाली ना? मग चालूच आहे, फी कशाची?